सोफ्याचा डावा पाय

आमचा दिवाणखाना सोळा फूट लांब आहे, हे फ्लॅट बुक करताना बिल्डरच्या माणसाने टेप लावून दाखवलं होतं. त्या सोळा फुटांचं नेमकं काय होतं, हे कळायला मात्र वीस वर्षं जावी लागली. सोळा फूट म्हणजे चार-पाच महिन्यांच्या पिल्लाच्या चार झेपा. पाचवीला जागा उरत नाही, म्हणून ती सोफ्यावर घेतली जाते; आणि सहावी सोफ्यावर बसलेल्या माणसावर.

हे रोज संध्याकाळी सहाच्या सुमारास घडतं. आधी चकली खोलीच्या मधोमध उभी राहते. कान मागे पडतात, पुढचे पाय पसरतात, ढुंगण वर येतं, आणि मग जी सुटते ती बाल्कनीचं दार, सासूबाईंचा पलंग (खालून), स्वयंपाकाचा ओटा (त्याच्याही खालून, सिलिंडरला वळसा घालून), पॅसेज, सोफा आणि पुन्हा बाल्कनीचं दार. अशा पाच फेऱ्या, कधी सात. मुलगी म्हणते, याला झूमीज म्हणतात. सासूबाई पाय वर घेऊन मांडी घालतात आणि म्हणतात, "आलं अंगात!" दोघींत मला सासूबाईंचं निदान पटतं, कारण हे वारं जसं येतं तसंच जातं. शेवटच्या फेरीनंतर ती फरशीवर पोट टेकते, चारही पाय चार दिशांना टाकते आणि उलथलेल्या कुंडीकडे अशा नवलाने बघते, की जणू इतका वेळ घरात दुसरंच कुणी होतं.

ती आली पौषात. पार्किंगमध्ये शेजारच्यांच्या स्कूटरखाली चार पिल्लं होती. आई दोन दिवस दिसली नव्हती. तीन पिल्लं कुणीकुणी नेली, चौथं आमच्या मुलीने जॅकेटमध्ये घालून वर आणलं. "फक्त आजची रात्र," ती म्हणाली. आमच्या घरात 'फक्त आजची रात्र' म्हणून आलेल्या गोष्टींमध्ये नणंदेच्या लग्नातली दोन पातेली आहेत आणि दिरांची ट्रेडमिल आहे. ट्रेडमिलवर हल्ली पंचे वाळतात.

"पौषात नवीन काही करू नये म्हणतात," सासूबाईंनी एकदा सांगून पाहिलं.

"आजी, कुत्रं आणलंय. लग्न नाही ठरवलं."

थंडीतच पिल्लं का सापडतात, हे मला तेव्हा प्रथम नीट उमगलं. भाद्रपदातल्या कुत्र्यांवरून आपल्याकडे लोक वाटेल ते बोलतात, पण पुढचा हिशोब कुणी करत नाही. कुत्रीचे दिवस भरायला साधारण त्रेसष्ट दिवस लागतात. भाद्रपदात दोन महिने तीन दिवस मिळवा, की कार्तिक-मार्गशीर्ष येतो. म्हणजे गल्लीतली पिल्लं ऐन थंडीत जन्मतात आणि पौषात स्कूटरखाली शिरतात. तिथून ती जॅकेटमध्ये जातात, निदान त्यांतली नशीबवान.

चकली हे नाव शेपटावरून पडलं. आपल्या देशी कुत्र्यांचं शेपूट असं पाठीवर गोल वळलेलं असतंच, पण हिचं अगदी सोऱ्यातून पाडल्यासारखं. कुत्र्याचं शेपूट नळीत घालण्याबद्दल जी म्हण आहे, ती करणाऱ्याने निदान एकदा तरी नळी आणली असणार, असं मला आता वाटतं. चकलीला काटे असतात, ते आधी दिसले नव्हते. ते तिच्या तोंडात होते. अठ्ठावीस.

दुधाचे दात हा शब्द फार फसवा आहे. त्यात काहीतरी वरणभातासारखं मऊ आहे असं वाटतं. प्रत्यक्षात त्या अठ्ठावीस सुया असतात, आणि चौथ्या महिन्यापासून त्या पडून त्यांच्या जागी बेचाळीस दात येऊ लागतात. सहा-सात महिन्यांपर्यंत हे चालतं. म्हणजे हिरड्या शिवशिवतात तेव्हा समोर जे येईल ते चावायचं, ही त्या काळातली एकमेव दिनचर्या. आमच्याकडे त्या दिनचर्येत टीव्हीचा रिमोट गेला, मोबाइलच्या दोन वायरी गेल्या, नवऱ्याच्या फक्त डाव्या चपला गेल्या. फक्त डाव्या का, हे कोडं सुटलेलं नाही. सोफ्याचाही डावाच पाय तिने धरला. रोज थोडा थोडा, मन लावून, एखादा कारागीर नक्षी काढतो तसा. सागवान आहे, त्यामुळे वेळ लागतोय.

पहिले दोन महिने तिला खाली न्यायची सोय नव्हती. लसी पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारण चार महिन्यांची होईपर्यंत, तिला रस्त्यावरच्या मातीत सोडू नका, पार्व्हो आणि डिस्टेंपर दोन्ही वाईट, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बाळंतिणीला सव्वा महिना घराबाहेर पडू देत नाहीत, ते एकवेळ समजू शकतं. ती निजलेली तरी असते. इथे सातशे चौरस फुटांत एक तोफगोळा कोंडलेला, आणि त्याला शी-शू कुठे करायची ते शिकवायचं. पिल्लू जितक्या महिन्यांचं तितके तास त्याला धरवतं, असा एक ढोबळ हिशोब आहे. दोन महिन्यांच्या चकलीसाठी आम्ही रात्री दोनला आणि पाचला गजर लावत होतो. मुलगी लहान असताना नवरा इतक्या तत्परतेने कधी उठला नव्हता. हे मी त्याला सांगितलं, आणि आता इथेही लिहून ठेवते.

शी-शूसाठी बाल्कनीत वर्तमानपत्रं पसरायची. ती बातम्यांच्या पानांवर जात नसे, पुरवणी मिळेपर्यंत थांबून राही. मी अधूनमधून पुरवण्यांतून लिहिते. एका रविवारी माझ्या लेखावर, नेमक्या माझ्या नावावर, तिने जे काही केलं ते अभिप्राय म्हणून स्वीकारण्यावाचून माझ्याकडे पर्याय नव्हता. इतकी थेट प्रतिक्रिया वाचकांकडून क्वचित येते.

मग खालचे काका आले.

काका बँकेतून निवृत्त झालेले, अतिशय सौम्य गृहस्थ. दारातच उभे राहिले. "वहिनी, रागावू नका, पण संध्याकाळी वरती काही... कुटता का तुम्ही?"

मी आत बोलावलं. सहाला पाच मिनिटं कमी होती. त्यांनी चहा घेतला आणि प्रात्यक्षिक पाहिलं. चौथ्या फेरीत कप उचलून छातीशी धरला. जाताना म्हणाले, "लहान आहे हो ती. पण आमच्या डोक्यावर अगदी घोडदळ जातं."

घोडदळाला त्यांचा आक्षेप रास्त होता. आमच्या इमारतींच्या पाच-सहा इंचांच्या स्लॅबमधून माणसाचं भांडण खाली जात नाही, पण चार नखं आपटली की ती खालच्या पंख्याच्या हुकापर्यंत ऐकू येतात. त्यात आमच्या फरश्या गुळगुळीत. वळणावर तिचे पाय घसरत, ती आपटे आणि आवाज दुप्पट होई. इंटरनेटवर यासाठी महागड्या चटया होत्या. सासूबाईंनी त्या किमती ऐकल्या, उठल्या, माळ्यावरचं बोचकं काढायला लावलं आणि त्यातून सात गोधड्या काढल्या. त्यांच्या आईच्या हातच्या, जुन्या लुगड्यांच्या, वाईहून आलेल्या. वीस वर्षांत त्या गोधड्या आम्ही एकदाही पांघरल्या नव्हत्या, कारण 'जपून ठेवायच्या' होत्या. आता त्या चकलीच्या धावपट्टीवर पसरल्या आहेत. तिचे पाय घसरत नाहीत आणि घोडदळ आता मातीतून जातं. "वापरातच शोभते गोधडी," असं सासूबाई आता म्हणतात. हे वीस वर्षांपूर्वी म्हणाल्या असत्या तर आम्ही थंडीत कुडकुडलो नसतो.

काकांचं मिटलं तरी सोसायटीचं मिटत नव्हतं. ग्रुपवर 'पाळीव प्राण्यांबाबत' अशा मथळ्याचा निरोप आला आणि लिफ्ट वापरू नये, असा ठराव पुढच्या सभेत आणायचं ठरलं. मी अभ्यासाला लागले. 2015 साली अॅनिमल वेल्फेअर बोर्ड ऑफ इंडियाने सोसायट्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. बहुमताने ठरवलं तरी पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, लिफ्ट नाकारता येत नाही, असं त्यात आहे. आपल्या प्राण्याने केलेली घाण आपण उचलावी आणि शेजाऱ्यांच्या झोपेचा विचार करावा, हेही त्यातच आहे. कुत्रं पाळणारे लोक तेवढा भाग वाचताना चष्मा काढून ठेवतात. अभ्यासात मला आणखी एक मौज सापडली. प्राण्यांना क्रूरतेने वागवू नये हा कायदा 1960चा, महाराष्ट्रातल्या सहकारी संस्थांचा कायदाही नावाने 1960चाच, आणि खुद्द महाराष्ट्र राज्यही 1960चं. म्हणजे मराठी माणूस, त्याची सोसायटी आणि त्याचं कुत्रं यांना त्याच एका सालाने एकत्र बांधून ठेवलंय. भांडण होणारच.

सभेत मी हे काही बोलले नाही. सासूबाई बोलल्या. त्यांनी महाभारत काढलं.

महाभारताच्या शेवटी युधिष्ठिराबरोबर कुत्रा असतो, हे सगळ्यांना माहीत असतं. कुत्रा असेल तर स्वर्गात प्रवेश नाही, असं इंद्र सांगतो. युधिष्ठिर म्हणतो, मग मीही येत नाही. (पाळीव प्राण्यांबाबतचा पहिला ठराव मांडणारे सेक्रेटरी म्हणून इंद्राची नोंद व्हायला हरकत नाही.) पण सासूबाईंनी शेवट नाही, सुरुवात सांगितली. आदिपर्वात जनमेजयाचं सत्र चालू असतं. तिथे एक कुत्र्याचं पिल्लू येतं. जनमेजयाचे भाऊ त्याला मारतात. ते रडत आपल्या आईकडे, सरमेकडे जातं. आता गंमत बघा, ती आधी पोरालाच विचारते, की तू काही आगळीक केली असशील! ते म्हणतं, नाही गं, मी हवीकडे बघितलंसुद्धा नाही, चाटलं तर नाहीच. मग सरमा थेट यज्ञमंडपात जाते आणि राजाला विचारते, माझ्या लेकराला का मारलंत? कुणापाशी उत्तर नसतं. तेव्हा ती शाप देते, की तुम्हालाही असंच नकळत भय येईल.

"एवढं मोठं महाभारत," सासूबाई म्हणाल्या, "आणि सांगायला सुरुवात केली की आधी कुत्र्याच्या पिल्लाची तक्रार येते. तुम्ही लिफ्टचं काय ते ठरवा."

ठराव पुढच्या सभेपर्यंत पुढे ढकलला गेला. ती सभा अजून झालेली नाही. एका तपशिलाबद्दल मात्र मी सासूबाईंना सभेत टोकलं नाही. सरमेचं लेकरू हवीकडे बघितलंही नाही असं सांगू शकत होतं. चकलीच्या बाबतीत तशी शपथ मी कुठल्याच मंडपात घेणार नाही.

तर, या प्राण्याला दमवायचं कसं, हा प्रश्न उरलाच. लसी संपल्यावर आम्हाला वाटलं, सुटलो. नवरा पहाटे उठून तिला म्हातोबा टेकडीवर नेऊ लागला. पळत चढायचं, पळत उतरायचं. पंधरा दिवसांत नवऱ्याचा पोटाचा घेर कमी झाला, गुडघा सुजला आणि चकलीचा दम दुप्पट झाला. ती आता टेकडीवरून आल्यावरही सात फेऱ्या मारी. आम्ही एक खेळाडू तयार करत होतो, हे आमच्या लक्षात आलं नव्हतं.

डॉक्टरांकडे गेलो. ते हसले. म्हणाले, "तिला पळवू नका हो इतकं, हाडं अजून कोवळी आहेत. हुंगू द्या. आणि झोपवा."

हुंगणं हे काम आहे, हे मला कधी सुचलंच नव्हतं. आपल्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख असतात असं सांगतात. कुत्र्याच्या नाकात त्या दहा कोटींच्या वर. आपण रस्त्याने जाताना तिला पट्ट्याने पुढे ओढतो, म्हणजे वाचत असलेल्या माणसाच्या हातातून दर ओळीला पुस्तक हिसकावून घेतो. आता टेकडीऐवजी इमारतीमागची गल्ली. दोनशे पावलांना अर्धा तास. विजेच्या खांबाची मोठी आवृत्ती असते, ती सावकाश वाचली जाते. कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याच्या गाडीचं चाक म्हणजे रोजचा अग्रलेख. मी शेजारी उभी. येणारेजाणारे बघतात, की या बाई खांबाशी काय करताहेत. आधी अवघडल्यासारखं व्हायचं. आता मी मोगऱ्याचा वेल कुणाच्या कुंपणावर आहे, कुणाकडे कधी लसणीची फोडणी पडते, हे ओळखायला लागले आहे. पन्नास-साठ लाखांतल्या काही पेशी वीस वर्षं नुसत्या बसून होत्या.

घरातही तोच उद्योग. तिचं जेवण वाटीत वाढायचं नाही. जुना पंचा पसरायचा, त्यात दाणे टाकून गुंडाळी करायची, गाठ मारायची आणि द्यायची. खोक्यात रद्दीचे बोळे भरायचे आणि तळाशी गाजराचे चार तुकडे. गाजर बर्फाच्या कप्प्यात ठेवून दिलं तर हिरड्यांनाही बरं वाटतं. वीस मिनिटं नाक त्या खोक्यात, फुरफुर आवाज, आणि मग चक्क जांभई. पळून आल्यावर ही बाई कधी जांभई देत नसे. आमचं घर तिला लहान पडत होतं असं आम्ही धरून चाललो होतो. तिला जागा नको होती, काम हवं होतं. ते आम्ही न दिल्यामुळे तिने सुतारकाम धरलं होतं.

झोपेचं तर आणखीनच नवल. विद्यार्थ्याने श्वाननिद्रा घ्यावी, म्हणजे सावध, कमी झोपावं, असं शाळेत शिकवलं होतं. ज्याने ते लिहिलं त्याने मोठा कुत्रा पाहिला असणार. पिल्लाला दिवसाला अठरा-वीस तास झोप लागते. ती मिळाली नाही, की ते चेकाळलेल्या पोरासारखं करतं. लग्नघरात रात्री अकराला जी लहान मुलं धावत सुटतात, ती दमलेली नसतात म्हणून नव्हे, फार दमलेली असतात म्हणून. चकलीच्या सहाच्या वाऱ्याचं निम्मं कारण हे होतं. घरात दिवसभर कुणी ना कुणी तिच्याशी खेळत असे आणि तिला झोपेचं सुचत नसे. आता दुपारी दोन ते पाच सासूबाईंच्या खोलीत अंधार, पंखा, आणि दोघीही आडव्या. "मी तिला झोपवते" असं सासूबाई सांगतात. घोरण्यावरून दोघींपैकी आधी कोण झोपतं ते मला ठाऊक आहे.

सगळं सुरळीत झालं असं कुणी समजू नये. पाडव्याला गुढी बाल्कनीत उभारली, पूजा झाली, आणि आम्ही श्रीखंडाचा डबा उघडेपर्यंत साखरेची गाठी गुढीवरून नाहीशी झाली होती. कडुलिंबाचा डहाळा मात्र जागच्या जागी. कडू आणि गोड यांतला फरक इतका स्वच्छ कळणारा प्राणी मी दुसरा पाहिला नाही. चैत्र संपता संपता सासूबाईंनी कुरडया घातल्या. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, चीक शिजवून गच्चीवर प्लास्टिकवर ओळी मांडल्या. मी राखण करत होते. फोन वाजला, तेवढ्यात दीड ओळ. ओल्या कुरडया. "चकलीने कुरडई खाल्ली" हे वाक्य मुलीने नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं आणि माझ्या एका मावशीला वाटलं, आम्ही फराळाचा काही नवा प्रकार केलाय. तिने कृती मागवली.

कुत्र्याने पोळी पळवली तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणून. मी झाडू घेऊन धावले. संतपद माझ्या वाट्याला नाही, हे त्या दिवशी गच्चीवर पुरेशा साक्षीदारांसमोर सिद्ध झालं. सासूबाई मात्र शांत होत्या. "राहू दे गं," त्या म्हणाल्या, "चीक खारट झाला होता, तसाही."

गेल्या आठवड्यात शेवटी सुताराला बोलावलं. सोफा डावीकडे कलायला लागला होता. पाहुणे हळूहळू एकमेकांवर घसरत. सुताराने उकिडवं बसून तो पाय निरखून पाहिला, अंगठा फिरवला, कुरतडलेल्या खाचा मोजल्या. चकली शेजारी बसून त्याच्या रंध्याकडे बघत होती, एकाच धंद्यातला माणूस भेटल्यासारखी.

"केवढं आहे पिल्लू?" त्याने विचारलं.

"साडेपाच महिन्यांचं."

तो उठला, पिशवी खांद्याला अडकवली. "मग आत्ता नको, ताई. तीन पाय बाकी आहेत. पावसाळ्यानंतर फोन करा, चारही एकदमच बसवू."

तोवर डाव्या पायाखाली मी दोन जुने दिवाळी अंक सरकवले आहेत.